छंदापासून नोकरीपर्यंत : मत्स्यालयाची वाट

कांचेच्या टाकींत मासे पाळण्याचा छंद आतां मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांपुरता राहिलेला नाहीं. कोल्हापूरपासून ५० किलोमीटरांच्या आसपास, वेदगंगेच्या खोऱ्यांत वसलेल्या गारगोटीसारख्या तालुक्याच्या गांवींही तो जाऊन पोहोंचला आहे. दोन फूट लांबीची टाकी, तळाशीं वाळू, एका कोपऱ्यांत बुडबुडे सोडणारा हवेचा पंप आणि पाण्यांत पांच-सात गप्पी नाहीं तर दोन गोल्डफिश, एवढ्या भांडवलावर या छंदाचा संसार सुरू होतो. पुष्कळांचा तो वर्षभरांत आटोपतोही. मासे मरतात, टाकी माळ्यावर जाते आणि पुढें तींत जुन्या वह्या ठेवल्या जातात. परंतु एखाद्या घरांत असें होत नाहीं. तेथील मुलगा किंवा मुलगी त्या पाण्यापाशीं तासन्‌तास बसते, मासे जगवते, त्यांचीं पिलें वाढवते, आणि शाळेचीं शेवटचीं वर्षें आलीं कीं घरांत विचारते, "बाबा, मला हेंच काम जन्मभर करतां येईल का? एखाद्या मोठ्या मत्स्यालयांत नोकरी मिळेल का?"

या प्रश्नाला घरोघर दोन उत्तरें मिळतात. एक, "मासे बघून पोट भरत नाहीं." दुसरें, "तुला आवडतें तें कर." पहिलें उत्तर मुलाचें तोंड बंद करतें, दुसरें त्याला वाट न दाखवितां रानांत सोडून देतें. दोन्हीं उत्तरें देणाऱ्यांस बहुधा त्या कामाची कल्पना नसते. तेव्हां मत्स्यालय म्हणजे काय, तेथें काम करणाऱ्यास काय काय करावें लागतें, घरच्या टाकीचा त्यास कितपत उपयोग होतो आणि हें शिक्षण मिळतें कोठें, याचा आज थोडा विचार करूं.

सार्वजनिक मत्स्यालय ही संस्था फार जुनी नाहीं, आणि तिचा उगम छंदांतूनच झाला आहे. १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें असें दाखवून दिलें कीं, मासे, पाणवनस्पति आणि गोगलगाई यांचा योग्य मेळ घातला तर लहानशा भांड्यांतील पाणी पुष्कळ दिवस न बदलतांही मासे जगूं शकतात. तीनच वर्षांनीं, म्हणजे १८५३ सालीं, लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांना पाहण्यासाठीं पहिलें मत्स्यगृह उघडलें. फिलिप हेन्री गॉस या निसर्गप्रेमी लेखकानें १८५४ सालीं या विषयावर लिहिलेल्या पुस्तकामुळें 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द सर्वतोमुखीं झाला आणि इंग्लंडांत घरोघर कांचेचीं भांडीं दिसूं लागलीं. आपल्या देशांत मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १९०९ सालीं सागरी मत्स्यालय उघडलें. म्हणजे प्रथम एका माणसाचें कुतूहल, मग लोकांची हौस आणि मग संस्था, असा हा क्रम आहे. मासे पाळणाऱ्या मुलास 'हा कसला खेळ' म्हणून हिणवितांना वडीलधाऱ्यांनीं एवढा इतिहास ध्यानांत ठेवावा.

महाराष्ट्रांत मत्स्यालय म्हटलें कीं मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचें नांव पुढें येतें. १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें त्याचें उद्‌घाटन झालें. इमारतीस सुमारें ८ लाख रुपये खर्च आला व त्यांपैकीं २ लाख रुपये तारापोरवाला या दानशूर पारशी गृहस्थांच्या देणगीचे होते. मुंबईस पाहुणा आला कीं राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला, हा क्रम कित्येक पिढ्या चालला. कोल्हापूर-सांगलीकडून निघणाऱ्या शाळांच्या सहलींतील किती मुलांनीं समुद्रांतला जिवंत मासा पहिल्यानें तेथेंच पाहिला असेल! २०१५ सालीं नूतनीकरण होऊन तेथें १२ फूट लांबीचा पारदर्शक बोगदाही आला. पुढें २०२० च्या साथींत मत्स्यालय बंद झालें, आणि मग इमारतीच्या जीर्णतेचा प्रश्न उभा राहून त्याच्या पुनर्बांधणीचे बेत मांडले गेले. या गोष्टीकडे मी पुन्हां येणार आहें. कारण मत्स्यालयांत नोकरी करूं इच्छिणाऱ्यास तींत एक धडा आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. प्रेक्षक मत्स्यालयांत जातो तो कांचेच्या पुढच्या बाजूस. तेथें अंधार असतो, थंडावा असतो, आणि उजळलेल्या पाण्यांतून रंग तरंगत असतात. नोकरी असते ती कांचेच्या मागच्या बाजूस. तेथें पंपांची घरघर, ओली जमीन, नळांचें जाळें, मासळीचा वास आणि भिंतीवर टांगलेल्या नोंदींच्या वह्या असतात. छंदाची नोकरी करूं पाहणाऱ्यानें पहिल्या दिवशींच स्वतःस विचारावें कीं, आपणांस कांचेची पुढची बाजू आवडते कीं मागची?

मागच्या बाजूचें सगळें काम एका वाक्यांत सांगावयाचें तर तें असें : तेथें मासे पाळीत नाहींत, पाणी पाळतात. ही गोष्ट घरच्या लहान टाकींतही शिकतां येते, आणि तीच त्या टाकीची खरी किंमत आहे. मासा जें खातो त्याचा मोठा भाग अमोनियाच्या रूपानें त्याच्या कल्ल्यांतून पाण्यांत परत येतो. अमोनिया हें माशाला विष. परंतु वाळूच्या कणांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर कांहीं जीवाणू वस्ती करून राहतात. नायट्रोसोमोनास जातीचे जीवाणू अमोनियाचें नायट्राइट करतात, तेंही विषारीच. मग नायट्रोस्पिरा जातीचे जीवाणू नायट्राइटचें नायट्रेट करतात, व तें पुष्कळ सौम्य असतें. या जीवाणूंची वस्ती नव्या टाकींत आपोआप तयार होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नवशिका पहिल्याच दिवशीं टाकी भरतो, दुसऱ्या दिवशीं डझनभर मासे सोडतो आणि पंधरवड्यांत ते मेले म्हणजे दुकानदारास दोष देतो. पाणी तर आरशासारखें स्वच्छ दिसत असतें! पण दिसण्यांत स्वच्छ आणि जगण्यास योग्य या दोन गोष्टी निराळ्या आहेत. त्यांतून पुष्कळजण फिल्टर मळला म्हणून नळाखालीं खसखसून धुतात. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन त्या जीवाणूंचा संहार करतें, आणि स्वच्छतेच्या हौसेपायीं टाकीचें पोटच नाहींसें होतें. ज्या मुलानें ही गोष्ट समजून घेऊन टाकी सहा आठवडे धीरानें तयार केली, त्यानें मत्स्यालयाच्या धंद्याचें पहिलें पुस्तक पुरें केलें असें समजावें.

दुसरें पुस्तक प्रमाणाचें. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा टाकींत सुमारें ५६ लिटर पाणी मावतें. मोठ्या मत्स्यालयांतील एकाच टाकींत लाखो लिटर असूं शकतें. एक हजार लिटर पाण्याचें वजन एक टन, म्हणजे पांच लाख लिटरांची टाकी ही पांचशें टनांचा भार झाली. तेथें पाणी बदलणें म्हणजे बादली उपसणें नव्हे. तें पंप, झडपा, वाळूच्या गाळण्या आणि जनित्रें यांचें काम आहे. म्हणून मोठ्या मत्स्यालयांत प्राणिशास्त्र जाणणाऱ्याइतकाच नळकाम आणि वीजकाम जाणणाराही मोलाचा ठरतो. ज्याला पंप उघडून पुन्हां जोडतां येतो, त्याचा शब्द तेथें लवकर ऐकला जातो.

समुद्राच्या पाण्याची गोष्ट तर आणखी निराळी. त्यांत दर हजार भागांत सुमारें ३५ भाग क्षार असतात. बाष्पीभवनानें पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात. म्हणून रोज मोजून गोडें पाणी घालावें लागतें. त्या पाण्याचा सामू, ज्याला प्रयोगशाळेंत पीएच म्हणतात, ८ च्या थोडा वर असतो. सामू एका अंकानें वाढला कीं अमोनियाचा विषारी अंश सुमारें दहापटीनें वाढतो. म्हणजे वेदगंगेच्या सौम्य पाण्यांत जी चूक मासा सोसून नेईल, तीच चूक सागरी टाकींत एका रात्रींत घात करील. प्राणवायूचेंही तसेंच. २० अंश उष्णतेच्या गोड्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळतो. ३० अंशांवर तो साडेसातांवर येतो. आणि समुद्राच्या पाण्यांत त्याहूनही सहाव्या हिश्शानें कमी. उन्हाळ्याच्या रात्रीं वीज गेली आणि पंप थांबला तर वेळ किती थोडा असतो, हें यावरून समजेल. पावसाळ्यांत वीज जाणें ज्यांच्या अंगवळणीं पडलें आहे, अशा डोंगरी तालुक्यांतील मुलांनीं हा धडा कोणीं न शिकवितांच शिकलेला असतो.

रोजचें काम कसें चालतें? सकाळीं दारें उघडण्यापूर्वीं प्रत्येक टाकीपुढें उभें राहून मासे मोजावयाचे, कोण चरत नाहीं, कोण कोपऱ्यांत राहिला, कोणाचे कल्ले जलद हलताहेत हें पाहावयाचें. मग उष्णता, क्षारता, सामू, अमोनिया यांचीं मोजमापें घेऊन वहींत लिहावयाचीं. मग खाणें तयार करावयाचें : कोळंबी, माकुळ, मांदेली चिरून, ज्याच्या त्याच्या तोंडाच्या बेतानें तुकडे करून. कांहीं माशांच्या व शिंपल्यांच्या मांसांत ब१ जीवनसत्त्वाचा नाश करणारें द्रव्य असतें. तेंच तें रोज खाऊं घातलें तर धडधाकट दिसणारा मासा कांहीं महिन्यांनीं वांकडातिकडा पोहूं लागतो. म्हणून वरून जीवनसत्त्व द्यावें लागतें. यानंतर तळाचा गाळ नळीनें ओढणें, कांच आंतून घासणें, गाळण्या उलट्या प्रवाहानें धुणें हीं कामें. मोठ्या टाक्यांत तीं पाणबुड्याचा पोषाख घालून, आंत उतरूनच करावीं लागतात. नदींत पोहतां येणें हा त्याचा पाया असला तरी त्यासाठीं वेगळें शिक्षण घ्यावें लागतें. आणि दिवसभर प्रेक्षक. कांचेवर टकटक करणाऱ्या मुलास न रागावतां समजावून सांगणें हाही नोकरीचाच भाग होय. सण, रविवार, सुट्ट्या या दिवशीं गर्दी जास्त. म्हणून त्या दिवशीं काम जास्त. माशाला दिवाळी कळत नाहीं.

या कामांतील सर्वांत मोठी शिस्त नव्या माशाची. २०२० च्या साथींत 'क्वारंटाईन' हा शब्द आपल्या घराघरांत शिरला. मत्स्यालयांत तो पूर्वींपासूनच नित्याचा आहे. नवा आलेला मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकींत ठेवतात. त्याचें कारण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरून चांगलें समजतें. हा रोग एका सूक्ष्म परजीवी प्राण्यामुळें होतो. तो माशाच्या कातडींत शिरून वाढतो, मग सुटून तळाशीं पडतो, तेथें त्याचे शेंकडों पोटभाग होतात आणि ते पोहत जाऊन नव्या माशास गांठतात. कातडींत दडलेल्यावर औषध चालत नाहीं. तें लागू पडतें तें फक्त पोहणाऱ्या पिलांवर. म्हणून ठिपके नाहींसे झाले कीं औषध थांबविणारा फसतो. रोग गेला नसतो, तो तळाशीं जाऊन बसलेला असतो. घरच्या टाकींत अशा फसगतीनें दहा मासे जातात. सार्वजनिक टाकींत कित्येक वर्षांचा संग्रह जाऊं शकतो.

येथें छंद आणि नोकरी यांतला खरा फरक दिसूं लागतो. घरची टाकी आपली असते. मन लागलें तर पाहिली, परीक्षा आली तर आठवडाभर तशीच ठेवली. मासा मेला तर हळहळलों आणि दुसरा आणला. मत्स्यालयांतील मासा आपला नसतो. तो लोकांचा असतो, आणि तो कां मेला याचें उत्तर लेखी द्यावें लागतें. छंदी माणसाची स्मरणशक्ति तल्लख असते. पण त्याच्या आजारपणांत ती दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाहीं. नोंदवही पडते. म्हणून ज्यास या वाटेनें जावयाचें आहे, त्यानें आजपासूनच घरच्या टाकीची वही ठेवावी : तारीख, पाण्याची उष्णता, बदललेलें पाणी, दिलेलें खाणें, नवा मासा, मेलेला मासा आणि त्याचें संभाव्य कारण. दोन वर्षें न चुकतां लिहिलेली अशी वही मुलाखतीच्या वेळीं दहा प्रशस्तिपत्रांहून अधिक बोलेल. आणि जो मुलगा दोन महिन्यांत वहीला कंटाळेल, त्यालाही एक उपयुक्त उत्तर मिळालेलें असेल : मासे हा त्याचा आनंद आहे, व्यवसाय नव्हे. यांत कमीपणा मुळींच नाहीं.

आतां शिक्षणाविषयीं. छंद हें दार ठोठावण्याचें बळ देतो. दार उघडण्यास पदवी लागते. बारावीपर्यंत विज्ञान शाखा, त्यांत जीवशास्त्र, आणि त्यानंतर प्रवेशपरीक्षा देऊन मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी, हा सरळ रस्ता होय. रत्नागिरीजवळ शिरगांव येथें १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे व तें दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाखालीं चालतें. नागपूर व उदगीर येथेंही पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचीं अशींच महाविद्यालयें आहेत. त्यापुढील उच्च शिक्षणासाठीं मुंबईस वर्सोव्याला १९६१ सालीं स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. माशांची शरीररचना, रोग, खाद्य, पाण्याचें रसायन, प्रजनन, हे सर्व विषय या अभ्यासक्रमांत येतात. ज्यांना घर सोडून दूर जाणें तूर्त शक्य नाहीं, त्यांना प्राणिशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी घेण्याचा मार्ग आहे. डॉ. जे. पी. नाईक यांनीं ज्या मौनी विद्यापीठाची उभारणी गारगोटीस केली, त्याच्या महाविद्यालयामुळें भुदरगड तालुक्यांतील मुलांना त्यासाठीं कोल्हापूर गांठण्याची गरज उरलेली नाहीं. मात्र शासनाच्या मत्स्यव्यवसाय खात्यांतील पुष्कळ पदांना मत्स्यशास्त्राचीच पदवी उपयोगी पडते, हें आधींच पाहून ठेवावें. नाहीं तर तीन वर्षांनीं वाट बदलावी लागते.

यावर सुज्ञ पालक विचारतील, "पण जागा किती?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचें उत्तर गोड करून सांगण्यांत अर्थ नाहीं. मत्स्यालयांच्या जागा थोड्या आहेत. एका शहरांत बहुधा एकच मत्स्यालय असतें, कित्येक शहरांत तेंही नसतें, आणि असलेलें बंदही पडूं शकतें. तारापोरवालाची कथा मघां सांगितली ती यासाठींच. सत्तर वर्षांची कीर्ति असलेली संस्थाही इमारत थकली कीं थांबते, आणि तिच्या भरंवशावर एकच स्वप्न बांधणारा माणूस अडचणींत येतो. उलट बाजूही आहे. अहमदाबादेस विज्ञाननगरींत २०२१ सालीं ६८ टाक्यांचें आणि २८ मीटर लांब बोगद्याचें मोठें मत्स्यालय उघडलें. चेन्नईस खासगी भांडवलावर सागरी मत्स्यालय उभें राहिलें. रत्नागिरीस सागरी संशोधन केंद्राचें मत्स्यालय व देवमाशाचा सांगाडा असलेलें संग्रहालय प्रवाशांना ठाऊक आहे. म्हणजे जागा आहेत, पण त्यांसाठीं गांव सोडण्याची, भाषा बदलण्याची तयारी पाहिजे.

म्हणून शहाणपण यांत आहे कीं, शिक्षण असें घ्यावें ज्याला एकाहून अधिक दारें आहेत. मत्स्यशास्त्र शिकलेल्यास मत्स्यबीज केंद्र, धरणांतील मत्स्यपालन, रोगनिदानाची प्रयोगशाळा, संशोधन संस्था, शोभेच्या माशांचें उत्पादन अशा कितीतरी ठिकाणीं काम आहे. शोभेच्या माशांचा व्यापार आपल्या देशांत मुख्यतः कोलकात्याच्या परिसरांत वाढला. तेथें परसांतल्या सिमेंटच्या हौदांत हजारों कुटुंबें मासे वाढवितात. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत अशा परसांतील उद्योगालाही साहाय्याची तरतूद आहे. आणि पिलें वाढविण्याची विद्या मत्स्यालयाच्याच कामाची विद्या आहे. मंडपम्‌च्या सागरी संशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं समुद्रफुलांत राहणारे नारिंगी-पांढरे क्लाउन मासे टाकींत जन्मास घालण्यांत यश मिळविलें, तेव्हां समुद्रांतून ते पकडण्याची गरज तितकी कमी झाली. या माशांत कळपांतली मोठी मादी मेली तर तिचा नर स्वतः मादी होतो. असा चमत्कार ज्याला ठाऊक नसेल, तो जोडी जमविण्यांतच वर्ष घालवील.

आतां गारगोटीच्या मुलापाशीं मुंबईच्या मुलापेक्षां जें अधिक आहे, त्याविषयीं. त्याच्या गांवाजवळून वेदगंगा वाहते. सह्याद्रींत उगम पावून, पाटगांवच्या धरणांत अडून, पुढें ती दूधगंगेस मिळते आणि दूधगंगा कृष्णेस. सह्याद्रीच्या या ओढ्यांनद्यांत जे मासे आहेत, ते जगांत दुसरीकडे नाहींत अशी पुष्कळांची स्थिति आहे. कृष्णेच्या वरच्या उपनद्यांत एक चिमुकला पट्टेरी मासा सांपडतो. अंगभर बारीक उभे पट्टे, तळाशीं दगडांत हिंडणारा. १९२० सालीं सी. आर. नारायणराव यांनीं शिमोग्याच्या तुंगा नदींतून त्याची शास्त्रीय नोंद केली व बोटिया स्ट्रायाटा असें नांव दिलें. परदेशांतील हौशी लोक तो पैसे देऊन टाकींत ठेवतात. आणि निसर्गांत मात्र तो संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. शेजारच्या आंबोलीस हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडांत माशाची एक अगदीं नवी जाति सांपडली. २०२० सालीं तिला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हें नांव मिळालें आणि २०२१ सालीं तें स्थान जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झालें. देवळाच्या कुंडांत हात-पाय धुणाऱ्या किती पिढ्यांनीं तो मासा पाहिला असेल. पण तो निराळा आहे हें ओळखण्यास शिकलेली नजर लागली.

अशी नजर कशी घडते याचें उदाहरण आपल्याकडे आहे. सी. व्ही. कुलकर्णी हे मुंबई इलाख्याच्या मत्स्य खात्यांत काम करीत असतांना त्यांनीं मुंबईच्या परिसरांतील एका दोन-अडीच सेंटिमीटरांच्या पारदर्शक माशाचा अभ्यास केला व १९४० सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याला त्यांनीं 'होराइक्थिस सेटनाई' असें नांव दिलें. त्यांत मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि मुंबईच्या मत्स्य खात्याचे प्रमुख सेटना, अशा दोघांचा गौरव होता. जो मासा डबक्यांतला कचरा म्हणून कोणीही जाळ्यांतून झटकून टाकला असता, त्याची प्रजननाची रीत इतकी विलक्षण निघाली कीं जगाच्या शास्त्रज्ञांचें लक्ष तिकडे वळलें. तेच कुलकर्णी पुढें महसीर या दणकट नदीमाशाकडे वळले, आणि लोणावळ्याच्या तलावांवर त्याचीं अंडीं हातानें फलित करून पिलें वाढविण्याच्या कामाचा पाया घालण्यांत त्यांचा मोठा वांटा होता. नखाएवढ्या माशाकडे धीरानें पाहणें आणि नाहींशा होत चाललेल्या मोठ्या माशाला वांचविणें, हीं एकाच विद्येचीं दोन टोकें आहेत.

म्हणून छंदी मुलांस दोन पथ्यें सांगावीशीं वाटतात. पहिलें, टाकींतला नकोसा मासा नदींत किंवा तळ्यांत कधीं सोडूं नये. 'त्याला मोकळें केलें' असें समाधान वाटतें, पण त्यांत दया नसून घात असतो. कांच साफ करतो म्हणून हौसेनें आणलेला, खवल्यांचें चिलखत घातलेला दक्षिण अमेरिकेंतील सकर मासा असाच सुटून उजनीच्या जलाशयांत पसरला, आणि कोळ्यांच्या जाळ्यांत खाण्याजोग्या मासळीऐवजीं तो येऊं लागला. वेदगंगेंत असें झालें तर आपला पट्टेरी मासा कोठें जाईल? दुसरें पथ्य कायद्याचें. समुद्रघोडा, प्रवाळ अशा कित्येक सागरी जीवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें कवच आहे. कोणी ते चोरून विकूं लागला तर ते घेऊं नयेत. ज्याला उद्यां सार्वजनिक संग्रहाची किल्ली हातीं घ्यावयाची आहे, त्याचा हात आजच स्वच्छ असला पाहिजे.

पालकांना शेवटीं एवढेंच सांगावयाचें. मुलगा किंवा मुलगी मत्स्यालयांत नोकरी मागते तेव्हां ती एका लहानशा पदासाठीं हट्ट करीत आहे असें समजूं नका, आणि तें पद निश्चित मिळेल असें वचनही देऊं नका. बारावी होईपर्यंत तिला टाकी ठेवूं द्या, वही लिहूं द्या, सुट्टींत रत्नागिरीचें मत्स्यालय आणि शिरगांवचें महाविद्यालय दाखवून आणा, आणि तेथील माणसांना कांचेच्या मागची बाजू दाखविण्याची विनंती करा. ओल्या जमिनीवर उभें राहून, मासळीच्या वासांत, पंपांच्या आवाजांत तासभर काढल्यावरही तिचे डोळे तसेच उजळलेले असतील तर तिला अडवूं नका. पाणी निर्मळ राखण्याची विद्या शिकलेलीं माणसें आपल्या मत्स्यालयांना जितकीं हवीं आहेत, तितकींच तीं आपल्या नद्यांनाही हवीं आहेत.